पाण्यातला न्यूट पाळायचाय? टाकी दीड महिना आधी भरा

फायरबेली न्यूट हा पाण्यात राहणारा, पालीसारखा दिसणारा उभयचर, जेमतेम बोटाएवढा असतो. पाठ काळी, पोट शेंदरी, त्यावर काळे ठिपके. टाकीच्या तळाशी चारही पाय फाकून संथपणे चालतो, मध्येच थांबतो, श्वास घ्यायला वर जातो आणि पुन्हा खाली येतो. काही महिन्यांत माणसाची सवय झाली की काचेजवळ कुणी आलं की तोही पुढे येतो. नीट सांभाळला तर वीस वर्षं जगतो, कधी त्याहून जास्त.

तरीही बरेचसे न्यूट वर्षभरही टिकत नाहीत. कारण बहुतेक वेळा एकच असतं: न्यूट आणि टाकी एकाच दिवशी घरी येतात. पाणी कोमट, तळाला रंगीत खडी, फिल्टर नुकताच चालू केलेला. असा न्यूट त्याच दिवशी मरत नाही. तो आधी खाणं कमी करतो, मग पाण्याबाहेर बसायला लागतो, मग हळूहळू खंगतो. त्यामुळे चूक पहिल्या दिवशी झाली होती हे पाळणाऱ्याच्या लक्षातच येत नाही. म्हणून हा लेख मी प्राण्यापासून नाही, पाण्यापासून लिहितोय.

आधी जात ठरवा

न्यूट हा बेडकासारखा उभयचर आहे, सॅलॅमँडरच्या कुळातला. पालीसारखा दिसत असला तरी सरपटणारा नाही. त्याच्या अंगावर खवले नसतात. त्याची त्वचा पातळ असते आणि तिच्यातून पाणी, प्राणवायू आणि पाण्यात विरघळलेलं बरंच काही आरपार जातं. पुढच्या जवळजवळ प्रत्येक सूचनेचं कारण या त्वचेत आहे.

सुरुवात करणाऱ्यासाठी माझ्या मते तीन जाती योग्य. चिनी फायरबेली, म्हणजे सायनॉप्स ओरिएंटॅलिस, आठ-नऊ सेंटिमीटरचा आणि शांत. जपानी फायरबेली, सायनॉप्स पायरोगॅस्टर, थोडा मोठा आणि त्वचा जास्त खरबरीत. तिसरा स्पेन, पोर्तुगाल आणि मोरोक्कोकडचा रिब्ड न्यूट, प्लुरोडिलीस वॉल्टल. तो टाकीत साधारण पंधरा ते वीस सेंटिमीटर होतो, भरपूर खातो आणि तिघांत सगळ्यात काटक आहे. धोका वाटला की आपल्या बरगड्यांची टोकं स्वतःच्या त्वचेतून बाहेर काढायची अजब युक्ती याच्याकडे असते. पहिलाच न्यूट असेल तर मी रिब्ड न्यूट सुचवेन, कारण तो बहुधा पाळीव पैदाशीतलाच मिळतो.

हा पैदाशीचा मुद्दा महत्त्वाचा आहे. जंगलातून पकडलेला न्यूट उपाशी, जखमी आणि परजीवींनी भरलेला असू शकतो, आणि त्याला पकडल्यामुळे त्याच्या मूळ डबक्यातली संख्याही घटते. लाओसमधला एक न्यूट २००२ साली विज्ञानाला नव्याने माहीत झाला आणि त्या माहितीच्या मागोमाग पकडणारे तिथे पोहोचले. त्यामुळे विकणाऱ्याला सरळ विचारा: हा कुठे जन्मला, वय किती, काय खातो? उत्तर मिळालं नाही तर घेऊ नका. शिवाय आपल्याकडच्या कायद्यात ही जात पाळायला किंवा आणायला परवानगी आहे का, हे पैसे देण्याआधी तपासा.

एक सावधगिरी. मोठा फायरबेली म्हणून कधीकधी पॅकिट्रायटॉन विकला जातो. गुळगुळीत तपकिरी त्वचा, रुंद चपटं डोकं आणि वल्ह्यासारखी शेपटी दिसली तर तो हाच समजा. हा डोंगरी ओढ्यातला प्राणी आहे. त्याला थंड वाहतं पाणी लागतं आणि तो इतर न्यूटांना चावून जखमी करतो. नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

टाकी आणि झाकण

दोन-तीन फायरबेलींसाठी ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३० उंच टाकी घ्या. पूर्ण भरली तर तिच्यात ५४ लिटर पाणी मावतं, पण आपण २२ सेंटिमीटरपर्यंतच भरायचं, म्हणजे साधारण ४० लिटर. वरची आठ सेंटिमीटर जागा मुद्दाम रिकामी. रिब्ड न्यूटच्या जोडीला किमान ७५ लिटर पाणी हवं. उंच टाकीपेक्षा पसरट टाकी बरी, कारण न्यूट तळावर वावरतात आणि पाण्याचा पृष्ठभाग जितका मोठा तितका हवेतला प्राणवायू जास्त मिसळतो. टाकी मजबूत आणि सपाट टेबलावर ठेवा. चाळीस लिटर पाणी म्हणजे चाळीस किलो वजन, काच वेगळी. खिडकीतलं ऊन टाकीवर पडता कामा नये.

आता झाकण. ओल्या पोटाने न्यूट सरळ उभ्या काचेवर चढतो. माझा पहिला न्यूट एअर पंपाच्या नळीसाठी ठेवलेल्या भोकातून निघून गेला. बोटही जाणार नाही असं भोक होतं ते. सकाळी कपाटामागे सापडला तेव्हा सुकून कडक झाला होता. तेव्हापासून माझा नियम असा आहे की डोकं जिथून जाईल तिथून न्यूट जातोच. झाकण जाळीचं ठेवा म्हणजे हवा खेळते, कडा क्लिपने आवळा, आणि नळी-वायरीभोवतीची प्रत्येक फट स्पंजच्या तुकड्याने बुजवा. नव्याने आलेला न्यूट पहिले दोन आठवडे सगळ्यात जास्त पळायला बघतो.

तळ, झाडं, लपायच्या जागा

टाकीसाठी मिळणारी रंगीत बारीक खडी वापरू नका. न्यूट भक्ष्यावर झडप घालताना तोंड उघडून पाण्यासकट सगळं आत ओढतो. खडा पोटात अडकला तर आतडं बंद होतं. तळ एक तर मोकळा ठेवा, नाही तर अगदी बारीक, गुळगुळीत वाळू दोन सेंटिमीटर पसरा, नाही तर न्यूटच्या डोक्यापेक्षा स्पष्टपणे मोठे गोटे ठेवा. पहिले काही महिने मोकळा तळ सोयीचा. उरलेलं अन्न आणि विष्ठा लगेच दिसते.

झाडं भरपूर लावा. जावा मॉस, जावा फर्न, अनुबियास आणि हॉर्नवर्ट थंड पाण्यात आणि मंद उजेडात छान वाढतात. खत घातलेली माती लागत नाही. तलावातून उपटून आणलेली झाडं नकोत, त्यांच्यासोबत जळवा आणि रोगजंतू येतात. मातीच्या कुंडीचा आडवा अर्धा तुकडा, गुळगुळीत दगडांची कपार अशा, न्यूटांच्या संख्येपेक्षा एक तरी जास्त, लपायच्या जागा करा. पाण्यावर तरंगणारा कॉर्कच्या सालीचा एक तुकडा ठेवा. फायरबेली बहुतेक वेळ पाण्यातच असतो, पण विसाव्याला कोरडी जागा हवी.

दिव्याची गरज झाडांना आहे, न्यूटला नाही. साधा एलईडी दिवसाला आठ-दहा तास पुरे.

फिल्टर, आणि टाकीतले अदृश्य भाडेकरू

स्पंज फिल्टर आणि लहान एअर पंप ही जोडी फायरबेलीसाठी सर्वांत चांगली. हा न्यूट डबकी, तळी आणि भातखाचरांच्या संथ पाण्यातला. जोराच्या प्रवाहात तो सतत झगडत राहतो आणि थकतो. पाण्यावरची पानं एका दिशेने वेगाने फिरताना दिसली तर हवा कमी करा.

फिल्टरचं खरं काम कचरा गाळण्याचं नाही. न्यूटच्या विष्ठेतून आणि कुजणाऱ्या अन्नातून अमोनिया तयार होतो. अमोनिया विषारी आहे, आणि पाण्याचा पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा) व तापमान जितकं जास्त तितका तो अधिक विषारी. स्पंजमध्ये वाढणारे काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, जे त्या मानाने बरंच सौम्य असतं आणि पाणी बदलून काढून टाकता येतं. नव्या स्पंजमध्ये यातलं कुणीच नसतं. त्यांना वाढवण्याच्या प्रक्रियेला सायकलिंग म्हणतात आणि तिला चार ते सहा आठवडे लागतात. न्यूट टाकीत सोडून सायकलिंग करणं म्हणजे त्याला महिनाभर विषात ठेवणं. हे करू नका, कुणी कितीही सांगितलं तरी.

पद्धत अशी. टाकी भरा, नळाच्या पाण्यात क्लोरीन काढणारं औषध घाला, फिल्टर चालू करा. पाणी रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीन उडतं असं आपण ऐकत आलोय, पण अनेक ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन घालतात आणि ते असं उडून जात नाही. औषधच वापरा, आणि बाटलीवर क्लोरामाइनचा उल्लेख आहे ना ते वाचा. मग वास, रंग किंवा साबण नसलेला अमोनिया थेंबाथेंबाने घालत पाण्यातली पातळी २ पीपीएमवर, म्हणजे लिटरमागे २ मिलिग्रॅमवर, आणा. अमोनियाची बाटली हलवल्यावर फेस टिकून राहिला तर तो वापरायचा नाही. अमोनिया मिळत नसेल तर माशांच्या खाद्याची चिमूट रोज टाकली तरी चालते; ते कुजून अमोनिया होतो, फक्त वेळ जास्त लागतो आणि अंदाज कमी येतो.

मोजायला थेंबांचं टेस्ट किट घ्या. कागदी पट्ट्यांवर माझा फारसा भरवसा नाही. दर दोन दिवसांनी अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट मोजा आणि वहीत लिहा. आधी अमोनिया उतरायला लागेल आणि नायट्राइट चढेल. अमोनिया शून्याकडे आला की पुन्हा २ पीपीएम करा, नाही तर जिवाणू उपाशी मरतील. नायट्राइट दोन-तीन आठवडे वरच अडकून बसतं. बहुतेकांचा धीर इथेच सुटतो. थांबा. एक दिवस ते अचानक कोसळतं. टाकलेला २ पीपीएम अमोनिया चोवीस तासांत शून्य आणि नायट्राइटही शून्य, असं सलग दोन-तीनदा दिसलं की टाकी तयार झाली. हे जिवाणू उबदार पाण्यात लवकर वाढतात, म्हणून या काळात पाणी २५ ते २८ अंश सेल्सिअस असलं तरी बिघडत नाही. टाकी अजून रिकामीच आहे. शेवटी ७० ते ८० टक्के पाणी बदला, नायट्रेट उतरवा, आणि मग थंड करायच्या मागे लागा.

थंडावा

उष्ण हवामानात राहणाऱ्याने न्यूट घेण्याआधी इथे थांबून विचार करावा. फायरबेलीला १८ ते २० अंश उत्तम. १६ ते २२ मध्ये तो आरामात असतो. हिवाळ्यात पाणी १० अंशांपर्यंत उतरलं तरी काळजी नाही. पण २४ च्या वर दिवसेंदिवस राहिलं की त्याची भूक जाते, प्रतिकारशक्ती ढासळते आणि बुरशी धरते. रिब्ड न्यूट २५ पर्यंत निभावून नेतो, आवड मात्र त्यालाही थंडीचीच. पाणी तापलं की त्यात प्राणवायूही कमी मावतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसातच्या आसपास.

म्हणून पहिली खरेदी थर्मामीटरची, आणि न्यूट आणण्याआधी टाकीचं तापमान वर्षातल्या सगळ्यात गरम दिवसांत किती जातं ते पाहिलेलं असावं. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा सोडणारा छोटा पंखा पाणी दोन ते चार अंशांनी उतरवतो. बाष्पीभवनावर हे अवलंबून असल्याने दमट हवेत परिणाम कमी होतो. उडालेलं पाणी रोज भरावं लागतं. बर्फाची बंद बाटली टाकीत तरंगत ठेवणं हा आणीबाणीचा उपाय आहे; रोज केलं तर तापमान दिवसभर वरखाली होत राहतं आणि ते आणखी वाईट. खोलीचं तापमान महिनोन् महिने २६ च्या वर असेल तर अॅक्वेरियम चिलर, म्हणजे टाकीचं पाणी थंड करणारं यंत्र, लागेल. त्याचा खर्च झेपणार नसेल तर न्यूट घेऊ नका. हे मी कुणाला नाउमेद करायला सांगत नाही, पण उकाड्यात तडफडणारा न्यूट पाहवत नाही.

घरी आल्यावर

पिशवी टाकीत वीस मिनिटं तरंगत ठेवा, म्हणजे तापमान जुळेल. मग न्यूट मऊ जाळीने उचलून टाकीत सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. घरात आधीचे न्यूट असतील तर नव्याला किमान महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवा, वेगळी जाळी, वेगळी बादली.

हा अलगीकरणाचा हट्ट उगाच नाही. न्यूट आणि सॅलॅमँडर यांची त्वचा खाणारी, बीसॅल नावाने ओळखली जाणारी एक बुरशी २०१३ साली शास्त्रज्ञांनी नोंदवली. ती मूळची आशियातली, पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून युरोपात पोहोचली असं मानलं जातं, आणि तिने नेदरलँड्समधले फायर सॅलॅमँडर जवळजवळ संपवले. अमेरिकेने २०१६ मध्ये याच भीतीने २०१ जातींच्या आयातीवर बंधन घातलं. आशियाई न्यूट स्वतः आजारी न दिसताही ही बुरशी बाळगू शकतात. म्हणून पाळलेला न्यूट कधीही बाहेर तळ्यात किंवा ओढ्यात सोडायचा नाही, आणि टाकीचं पाणीही तिथे ओतायचं नाही.

न्यूटला हाताळू नका. आपल्या हाताची ऊब आणि साबण-तेलाचा अंश त्याला सोसत नाही. फायरबेलीच्या त्वचेत टेट्रोडोटॉक्सिन असतं, पफर माशात असतं तेच विष. हात लावल्याने मोठ्या माणसाला सहसा काही होत नाही, पण ते डोळ्यात, तोंडात किंवा जखमेत जाऊ नये. टाकीत हात घातला की नंतर साबणाने धुवा, आणि लहान मुलं, मांजर, कुत्रा यांना झाकणापासून दूर ठेवा. याच कारणाने टाकीत मासे किंवा दुसऱ्या जातीचे न्यूट ठेवू नयेत: मासे त्यांच्या शेपट्या कुरतडतात, आणि विष दोघांपैकी कुणाला तरी भोवतं.

खाणं

गांडूळ हे न्यूटचं सर्वोत्तम खाणं आहे. कीटकनाशक न मारलेल्या जागेतलं गांडूळ घ्या, धुवा, न्यूटच्या तोंडाच्या रुंदीएवढे तुकडे करा. कंपोस्टमधली लाल गांडुळं मात्र बरेच न्यूट थुंकून टाकतात. ती कडवट द्रव सोडतात. जोडीला ब्लडवर्म, डॅफ्निया, ब्राइन श्रिम्प असे पाण्यातले बारीक जीव गोठवलेले द्या. नुसत्या ब्लडवर्मवर वर्षानुवर्षं ठेवू नका. सुकवलेलं खाद्य बहुतेक फायरबेली अन्न म्हणून ओळखतच नाहीत. रिब्ड न्यूट मात्र बुडणाऱ्या गोळ्या आनंदाने खातो. मटण, चिकन, छोटे मासे नकोत.

मोठ्या न्यूटला आठवड्यातून दोन-तीनदा खायला घाला, पिल्लांना रोज. बोथट टोकाच्या चिमट्यात तुकडा धरून नाकापुढे हळू हलवा. न्यूट आधी बघतो, मग हुंगतो, मग एकदम झडप घालतो. चिमट्याने भरवण्याचा मोठा फायदा म्हणजे कुणी खाल्लं आणि कुणी नाही हे नेमकं कळतं. वीस मिनिटांनी उरलेलं सगळं बाहेर काढा. नवा न्यूट आठवडाभर खात नसेल तर घाबरू नका. दिवा बंद करून, संध्याकाळी, जिवंत गांडुळाचा तुकडा देऊन बघा.

आठवड्याचं काम

दर आठवड्याला २० ते २५ टक्के पाणी बदला. नवं पाणी औषध घातलेलं आणि टाकीच्या पाण्याच्या एक-दोन अंशांच्या आत असावं. स्पंज कधीही नळाखाली धुवू नका, क्लोरीनने सहा आठवड्यांची मेहनत मिनिटात जाईल. टाकीतूनच काढलेल्या पाण्यात तो दोनदा पिळा, बास. अमोनिया आणि नायट्राइट कायम शून्य, नायट्रेट ४० पीपीएमच्या खाली, शक्यतो २० च्या. पीएच साडेसहा ते आठच्या मध्ये स्थिर असला की त्याच्याशी खेळू नका. आरओचं नुसतं पाणी भरू नका, त्यात क्षार नसतात. उडालेल्या पाण्याची तूट भरायला मात्र तेच चांगलं, कारण क्षार टाकीत मागे राहिलेले असतात.

काय दिसलं की सावध व्हायचं

न्यूटच्या अंगावरून पातळ कातडी सुटताना दिसेल, आणि तो ती खाऊनही टाकेल. हे नेहमीचंच आहे. पण पाण्यातला न्यूट दिवसचे दिवस कॉर्कवर बसून राहिला तर टेस्ट किट काढा; दहातल्या आठ वेळा उत्तर पाण्यात किंवा थर्मामीटरवर सापडतं. अंगावर कापसासारखे पुंजके, उघडे फोड, फुगलेलं अंग, एका बाजूला कलून तरंगणं, यातलं काही दिसलं तर न्यूटला वेगळ्या डब्यात थंड, स्वच्छ, क्लोरीनमुक्त पाण्यात ठेवा, ते पाणी रोज पूर्ण बदला, आणि उभयचरांवर उपचार करणारा पशुवैद्य गाठा. असा डॉक्टर कुठे आहे हे न्यूट आणण्याआधीच शोधून ठेवा. माशांची औषधं अंदाजाने घालू नका; माशाला सोसणारा डोस या त्वचेतून थेट आत जातो.

तुटलेलं बोट किंवा पाय मात्र काही महिन्यांत परत येतो. जपानी फायरबेलीच्या डोळ्यातलं भिंग १६ वर्षांत १८ वेळा काढलं आणि दर वेळी नवं, तितकंच चांगलं भिंग तयार झालं, असा प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. या ताकदीला तुमच्याकडून स्वच्छ, थंड पाणी एवढंच लागतं.

वसंतात मादी झाडाच्या पानांत एकेक अंडं गुंडाळून ठेवताना दिसली तर ती पानं कापून वेगळ्या डब्यात हलवा, कारण मोठे न्यूट अंडी खातात. फायरबेलीची पिल्लं कल्ले गळाल्यावर पाणी सोडून वर्ष-दोन वर्षं जमिनीवर काढतात. तेव्हा त्यांना ओलसर शेवाळाचा वेगळा डबा आणि बारीक जिवंत किडे लागतात. हे सांभाळायची तयारी नसेल तर अंडी वाढवायला घेऊ नका.

प्रवासाला जाताना मोठ्या निरोगी न्यूटला आठ-दहा दिवस खायला घातलं नाही तरी चालतं. शेजाऱ्याकडे किल्ली दिलीत तर अन्नाचा डबा देऊ नका, जास्त टाकलेलं अन्न पाणी नासवतं. त्याला रोज फक्त तीन गोष्टी बघायला सांगा: फिल्टरचे बुडबुडे येतायत ना, झाकण लागलंय ना, थर्मामीटर २२ च्या खाली आहे ना. आणि २४ दिसलं तर पंखा कुठला चालू करायचा, ते कागदावर लिहून टाकीला चिकटवून जा.